लाल रंगाचा सेल्समन : चार्ल्स रेव्हसन

नेलपॉलिश हा काय कॉलेजच्या अंकात लिहायचा विषय झाला का, असं तुम्ही म्हणालच. चरित्रच लिहायचं तर विश्वेश्वरय्या आहेत, एडिसन आहे, जेआरडी आहेत. पण मैत्रिणींनो (आणि मित्रांनोसुद्धा!), मी मुद्दाम अशा माणसावर लिहितेय ज्याचं नाव आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, पण ज्याच्या कामाचा परिणाम लेडीज हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत छोट्या बाटलीत बसलेला असतो. चार्ल्स रेव्हसन, रेव्हलॉन कंपनीचा संस्थापक.

चार्ल्सचा जन्म ११ ऑक्टोबर १९०६ चा. तो अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावात वाढला. घरची परिस्थिती बेताचीच, वडील सिगारच्या कारखान्यात सिगार वळायचे. शाळा संपल्यावर कॉलेज काही झालं नाही. चार्ल्स न्यूयॉर्कला आला आणि कपड्यांच्या एका कंपनीत लागला. तिथे कापड खरेदी करता करता त्याची नजर तयार झाली. काळा म्हणजे एकच काळा नसतो, त्यातही किती छटा असतात, हे त्याला नुसतं बघून कळायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर हेच त्याचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग!

पुढे तो न्यू जर्सीतल्या एल्का नावाच्या कंपनीचं नेलपॉलिश विकू लागला. त्या काळातलं बहुतेक नेलपॉलिश पारदर्शक असायचं. रंग म्हणजे गुलाबी आणि लाल यांच्या दोनचार छटा, बास. त्यात डाय असायचा. डाय द्रावणात विरघळतो, त्यामुळे प्रकाश आरपार जातो आणि खालचं नख दिसत राहतं. पिगमेंट विरघळत नाही. त्याचे बारीक कण द्रावणात तरंगत राहतात, प्रकाश अडवतात आणि नख पूर्ण झाकलं जातं. एल्काचं पॉलिश असं दाट, अपारदर्शक होतं. म्हणजे हा शोध काही चार्ल्सचा नव्हे. पण हाच माल उद्या चालणार, हे त्याने ओळखलं. सबंध देशभर विकायचे हक्क त्याने कंपनीकडे मागितले. कंपनी नाही म्हणाली.

मग १ मार्च १९३२ रोजी चार्ल्स, त्याचा भाऊ जोसेफ आणि केमिकलच्या धंद्यातला चार्ल्स लॅकमन यांनी स्वतःची कंपनी काढली. भांडवल फक्त ३०० डॉलर. रेव्हसन नावातला 'स' काढून लॅकमनचा 'ल' घातला आणि रेव्हलॉन हे नाव तयार झालं. चार्ल्स तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. आणि साल कुठलं, तर महामंदीचं! अमेरिकेत चार कामकऱ्यांतला जवळजवळ एक बेकार होता. अशा वेळी नखाचा रंग कोण विकत घेणार? पण इथेच खरी गंमत आहे. नवा ड्रेस परवडत नसेल तर बाई निदान नखं तरी रंगवू शकते. त्या वेळी केस कुरळे करून घ्यायची टूम होती आणि बायका ब्यूटी पार्लरमध्ये तासन्‌तास बसून असायच्या. चार्ल्स बॅग घेऊन नेमका तिथे जायचा. छटा दाखवायला तो स्वतःच्याच नखांना रंग लावायचा असं सांगतात. विचार करा, १९३२ साली सूट घातलेला एक पुरुष लाल नखं घेऊन दारोदार फिरतोय! लोक हसले नसतील का? पण माल खपला.

१९३७ पासून रेव्हलॉन मोठमोठ्या दुकानांत आणि औषधांच्या दुकानांत मिळू लागलं. १९४० च्या सुमारास ओठ आणि नखं एकाच रंगाची करायची कल्पना कंपनीने जाहिरातीतून रुजवली. युद्धाच्या काळात याच कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी प्रथमोपचाराच्या पेट्यासुद्धा बनवल्या. मग १९५२ मध्ये 'फायर अँड आइस' आणि १९५३ मध्ये 'चेरीज इन द स्नो' हे दोन लाल रंग आले. 'फायर अँड आइस'च्या जाहिरातीत डोरियन ली ही मॉडेल होती, फोटो रिचर्ड अ‍ॅव्हेडनचा आणि शेजारी बायकांना विचारलेली खट्याळ प्रश्नावली. आज आपण ज्याला 'क्लासिक रेड' म्हणतो, त्याची आवड लावण्यात या दोन रंगांचा मोठा हात आहे.

आता दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर हे चरित्र नुसती आरती होईल. चार्ल्स बॉस म्हणून फार कठोर होता. त्याच्या हाताखाली माणसं टिकायची नाहीत आणि १९५० च्या दशकात त्याचे सख्खे भाऊसुद्धा कंपनी सोडून गेले. १९५५ मध्ये टीव्हीवर सुरू झालेला '६४,००० डॉलरचा प्रश्न' हा क्विझ शो रेव्हलॉनने प्रायोजित केला आणि कंपनीची विक्री प्रचंड वाढली. पण पुढे हे क्विझ शो आतून ठरवलेले असतात असं उघडकीला आलं आणि १९५९ मध्ये चार्ल्सला अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. या फसवणुकीची आपल्याला कल्पना नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. रंगाच्या शेडमध्ये केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्याच पैशाने चाललेल्या कार्यक्रमातलं काहीच कळलं नाही, हे मला काही पटत नाही. दुसरीकडे, त्याने १९५६ मध्ये स्थापन केलेल्या फाउंडेशनमधून शिक्षणाला आणि संशोधनाला मदत मिळत आली. २४ ऑगस्ट १९७५ रोजी त्याचं निधन झालं. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९५ मध्ये रेव्हलॉन भारतात आलं. २०२२ मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२३ मध्ये ती त्यातून बाहेरही आली.

मला चार्ल्स का आवडतो ते सांगते. वर्कशॉपमध्ये फाइलिंग करताना माझ्या लाल नखांकडे बघून 'तुम्ही इंजिनिअरिंगला की ब्यूटी पार्लरला?' हे मी बऱ्याचदा ऐकलंय. त्यांना मी एवढंच सांगेन, या बाटलीत नायट्रोसेल्युलोज आहे, म्हणजे ज्याच्यापासून बिनधुराची बंदुकीची दारू बनते आणि एके काळी गाड्यांचा रंग बनायचा तो पदार्थ! जोडीला इथाइल आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट, रेझिन, प्लॅस्टिसायझर आणि पिगमेंट. व्हायवाला बसा, मी तयार आहे.

आणि बजेटचं म्हणाल तर चार्ल्सच्या काळासारखीच आमचीही मंदीच चालू असते, विशेषतः महिन्याच्या शेवटी. आम्ही रूममेट्स चौघींत मिळून चार बाटल्या घेतो : चेरी रेड, वाइन, फिकट गुलाबी आणि एक ट्रान्सपरंट. पन्नास रुपयांच्या आतली लोकल बाटलीसुद्धा चालते, फक्त थोडं डोकं लावायचं. शेड आधी सेलोटेपच्या तुकड्यावर लावून तो नखावर धरून बघायचा, म्हणजे पसंत पडली नाही तर रिमूव्हर वाया जात नाही. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यायचे, कारण जाड थराची वरची साय आधी वाळते आणि आतलं सॉल्व्हंट अडकून बुडबुडे येतात. बाटली खसाखसा हलवायची नाही, तळहातांत धरून फिरवायची. आणि झाकण घट्ट लावायचं, नाहीतर सॉल्व्हंट उडून जातं आणि उरतो तो डिंक!

सिगार वळणाऱ्याच्या मुलाने ३०० डॉलरवर जे उभं केलं, ते अशाच छोट्या खर्चाच्या आनंदावर. खिशात पैसे कमी असले तरी माणसाला रंग हवाच असतो, हे त्याला कळलं होतं. त्याची चलाखी घेऊ नका, पण नजर जरूर घ्या. आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्या लाल नखांना हसलं, तर त्याला डाय आणि पिगमेंट यांतला फरक विचारा. बहुतेक तो पुन्हा हसणार नाही.