ग्रंथरक्षिका गेर्ट्रूड बिंग

जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हांबुर्ग हे मोठे बंदर आहे. तेथील एका ज्यू कुटुंबात १८९२ साली गेर्ट्रूड बिंग यांचा जन्म झाला. विद्यापीठात शिकणाऱ्या स्त्रिया त्या काळी विरळाच. परंतु गेर्ट्रूडबाईंनी अर्न्स्ट कासिरर या विख्यात पंडितांच्या हाताखाली तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून १९२१ साली डॉक्टरची पदवी मिळविली.

त्याच नगरात आबी वारबुर्ग या विद्वानांचे एक आगळे ग्रंथालय होते. वारबुर्ग हे धनाढ्य पेढीवाल्यांचे थोरले पुत्र. पण पेढीचा हक्क भावास देऊन त्यांनी आपले आयुष्य ग्रंथसंग्रहास वाहिले. त्यांच्या ग्रंथालयात ज्या विषयांचे एकमेकांशी नाते असे, त्यांची पुस्तके शेजारी शेजारी ठेवीत. वाचक एक ग्रंथ शोधण्यास जाई आणि त्याच्या शंकेचे उत्तर शेजारच्याच ग्रंथात सापडे. येथे १९२२ साली गेर्ट्रूडबाई ग्रंथपाल झाल्या. १९२९ साली वारबुर्ग निवर्तले. तेव्हा त्यांच्या विखुरलेल्या लेखांचे बाईंनी परिश्रमपूर्वक संपादन केले.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू अध्यापकांना पदच्युत करण्यात आले; गावोगावी ग्रंथांच्या होळ्या पेटल्या. आता हा संग्रह वाचणार कसा? तेव्हा ग्रंथालयाचे प्रमुख फ्रिट्झ झाक्सल, गेर्ट्रूडबाई व त्यांचे सहकारी यांनी सारे ग्रंथालयच इंग्लंडला हलविण्याचे ठरविले. डिसेंबर महिन्यात हर्मिया व जेसिका या दोन लहान आगबोटींतून सुमारे ६०,००० ग्रंथ लंडनला निघाले. मायभूमी सुटली; ग्रंथ मात्र वाचले.

परक्या देशात, परक्या भाषेत पुन्हा आरंभापासून उभारणी करावयाची होती. त्यातच जर्मनीतून परागंदा झालेले विद्वान आश्रयास येत. त्यांना काम मिळवून देणे, धीर देणे, त्यांचे लेखन तपासणे हे सारे बाई आपुलकीने करीत. १९४४ साली लंडन विद्यापीठाने ही संस्था आपल्यात सामावून घेतली. १९५५ साली बाई तिच्या संचालक झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ साली, ग्रंथालयास स्वतःची नवी वास्तू लाभली.

१९५९ साली निवृत्त झाल्यावर वारबुर्ग यांचे चरित्र लिहावे, ही त्यांची मनीषा होती. ती अपुरीच राहिली. १९६४ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. इतरांचे ग्रंथ सांभाळताना त्यांचा स्वतःचा ग्रंथ राहून गेला. परंतु त्या वास्तूत आजही शेजारी शेजारी उभी असलेली पुस्तके वाचकास नवी वाट दाखवितात. तेच त्यांचे खरे स्मारक होय.