तळोद्यात मेंढरं राखणारा पोरगा मराठ्यांचा सुभेदार झाला आणि सत्तरी ओलांडली तरी घोड्यावरून उतरला नाही

नंदुरबार जिल्ह्यातलं तळोदा. एका बाजूला सातपुड्याच्या रांगा, दुसऱ्या बाजूला तापीचं खोरं. या गावात बारगळ जहागीरदारांची जुनी गढी आहे. इंदूरच्या होळकर संस्थानाची गोष्ट खरं तर इथूनच सुरू होते. कारण या संस्थानाचा संस्थापक लहानपणी याच शिवारात मेंढरं राखत होता.

त्याचं नाव मल्हारराव होळकर.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ चा. गाव नीरा नदीकाठचं होळ, त्यावरूनच पुढे होळकर हे आडनाव पडलं. घर धनगराचं. मल्हार जेमतेम तीन वर्षांचा असताना वडील खंडोजी वारले. त्यानंतर घरात भाऊबंदकी सुरू झाली, असं सांगतात. शेवटी आई पोराला घेऊन शेकडो किलोमीटर लांब खानदेशात, तळोद्याला भावाकडे आली.

हे मामा म्हणजे भोजराज बारगळ. ते सरदार कदमबांडे यांच्या दिमतीला एक छोटी पागा बाळगून होते. म्हणजे मामाच्या घरी दोन्ही गोष्टी होत्या, मेंढरं आणि घोडे. मल्हारच्या वाट्याला आधी मेंढरं आली. रानात झोपलेल्या मल्हारच्या तोंडावर नागाने फणा धरून सावली केली, ही प्रसिद्ध आख्यायिका याच दिवसांतली.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. मेंढपाळाला पाणी कुठे, चारा कुठे आणि रात्री थांबायचं कुठे हे बघावंच लागतं. सामान कमी ठेवावं लागतं आणि निघायची वेळ झाली की लगेच निघावं लागतं. मराठ्यांच्या गनिमी काव्याला नेमकं हेच लागायचं.

मल्हार मामाच्या पागेत घोडेस्वार झाला आणि कदमबांडेंच्या स्वाऱ्यांमध्ये जाऊ लागला. १७१७ च्या सुमारास मामांनी आपली मुलगी गौतमाबाई त्याला दिली. पुढे काही वर्षांतच तो पेशव्यांच्या चाकरीत दाखल झाला. बाजीराव त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, पण दोघांची लढायची पद्धत एकच होती. वेगाने जायचं, शत्रूची रसद तोडायची आणि त्याला आपल्या सोयीच्या जागी आणायचं. १७२८ मध्ये पालखेडला निजामाची कोंडी झाली ती याच पद्धतीने. त्यानंतर माळवा आला, दिल्लीवरची धडक आली, वसईची मोहीम आली. तळोद्याचा मेंढपाळ माळव्याचा सुभेदार झाला.

इथे गोष्ट संपली असती तर ती फक्त यशाची गोष्ट ठरली असती. पण मल्हाररावांची खरी परीक्षा म्हातारपणी झाली.

१७५४ मध्ये मराठ्यांनी सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव ठार झाला. मल्हारराव तेव्हा ६१ वर्षांचे होते. सून अहिल्याबाई सती जायला निघाली. सासऱ्याने तिला अडवलं. मुलगा गेला होताच, आता सुनेलाही गमवायची त्यांची तयारी नव्हती. तिला त्यांनी कारभारात घातलं, हिशोब आणि फौजेची व्यवस्था तिच्यावर सोपवली.

घरी बसायचं वय झालं होतं, पण दौलत सांभाळायला कर्ता मुलगा उरला नव्हता. मल्हारराव पुन्हा घोड्यावर बसले. १७५८ मध्ये ते रघुनाथरावांसोबत थेट लाहोरपर्यंत गेले.

मग पानिपत आलं.

सदाशिवरावभाऊ तेव्हा तिशीत होते आणि मल्हारराव ६७ वर्षांचे. जड तोफखाना, बायका-मुलं आणि बाजारबुणगे मागे सुरक्षित जागी ठेवावेत आणि हलक्या फौजेने गनिमी काव्याने लढावं, असा मल्हाररावांचा सल्ला होता. ज्याच्या किल्ल्यावर त्यांचा मुलगा गेला, त्या सुरजमलचंही मत तेच होतं. भाऊंचीही बाजू होती. वर्षभरापूर्वीच उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निजामाला नमवलं होतं. त्यामुळे म्हाताऱ्या सरदाराची पद्धत त्यांना जुनी वाटली.

पुढे काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. फौज अडकली, रसद तुटली, माणसं आणि जनावरं उपाशी राहिली. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले, लढाई हातची गेली आणि मल्हारराव उरलेली फौज घेऊन रणातून बाहेर पडले. तेव्हापासून त्यांच्यावर पळून गेल्याचा ठपका आहे. नजीबखान १७५७ मध्ये मराठ्यांच्या हाती सापडला असताना मल्हाररावांनीच त्याला वाचवलं होतं, हा दुसरा आरोप. तो आरोप खोडून काढणं अवघड आहे, कारण त्याच नजीबाने पुढे अब्दालीला साथ दिली. रणातून निघण्याबद्दल मात्र इतिहासकारांमध्ये आजही दोन मतं आहेत. काहींच्या मते त्यांनी हरलेल्या लढाईतून वाचवता आली तेवढी माणसं वाचवली.

पानिपतानंतर उत्तरेत मराठे संपले, असं अनेकांना वाटत होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस मल्हाररावांनी मांगरोळला जयपूरच्या फौजेचा पराभव केला. त्याच साली गौतमाबाईही वारल्या होत्या. १७६५ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, ते शुजाउद्दौल्याच्या बाजूने इंग्रजांशी लढले. तिथे त्यांचा पराभव झाला, पण ते थांबले नाहीत. याच काळात ते अहिल्याबाईंना पत्रं लिहून तोफखाना कुठे न्यायचा आणि वाटेत कसली तजवीज करायची हे कळवत होते. सासऱ्याच्या तालमीत सून तयार होत होती.

२० मे १७६६ ला आलमपूरला मल्हाररावांचं निधन झालं. शेवटचा मुक्कामही मोहिमेवरचाच होता. आज मध्य प्रदेशातल्या भिंड जिल्ह्यात असलेल्या या गावात अहिल्याबाईंनी त्यांची छत्री बांधली. वर्षभरात नातू मालेरावही गेला आणि १७६७ मध्ये दौलतीचा कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला.

त्यांनी पुढे जे राज्य केलं, त्याचं कौतुक आजही देशभर होतं. पण त्यांना चितेवरून परत आणून कारभार शिकवणारा माणूस तळोद्याच्या रानात मेंढरांमागे फिरत मोठा झाला होता, हे नंदुरबारबाहेर फार जणांना माहीत नसतं.