काडीच्या आकाराच्या विषाणूचे कोडे आणि रोझलिंड फ्रँकलिन

परसातल्या टोमॅटोच्या पानांवर फिकट-गर्द हिरवे चट्टे पडले, की आम्ही खेरडीकर खताला नाहीतर पाण्याला दोष देतो. कधीकधी खरा चोर आपल्याच बोटांवर असतो: मळलेल्या तंबाखूतून आलेला विषाणू. त्याची रचना उलगडणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन आम्हाला ठाऊक झाल्या त्या डीएनएच्या छायाचित्रापुरत्या. आमच्या मते त्यांचे मोठे काम त्यानंतरचे.

२५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला रसायनशास्त्र, मग कोळशावर संशोधन, पॅरिसला क्ष-किरणांचे तंत्र, पुढे किंग्ज कॉलेज. १९५३ साली ते सोडून त्या बर्कबेक कॉलेजात बर्नाल यांच्याकडे आल्या. प्रयोगशाळा जुन्या घराच्या पाचव्या मजल्यावर, क्ष-किरण यंत्र तळघरात!

हा विषाणू काडीसारखा असतो, हे जर्मनीत १९३९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. पण काड्या लहानमोठ्या दिसत. अखंड काडी एकाच लांबीची, ३०० नॅनोमीटरची असते, बाकीचे तुकडे, असे बाईंनी १९५५ मध्ये मांडले. या विषयातले जाणते पिरी यावर नाराज झाले. पुढे अनुदानासाठीही झगडावे लागले.

तरी ॲरन क्लग आणि तरुण सहकाऱ्यांसह काम चालूच राहिले. मक्याचे कणीस आठवा. दाणे म्हणजे प्रथिनाचे एकसारखे घटक, सुमारे २१३०, गोल जिन्यासारखे चढत गेलेले. तीन वेढ्यांत ४९. कणीस मात्र आतून पोकळ. रोगाचा संदेश नेणारा आरएनएचा धागा त्या पोकळीत असेल असे वाटावे. बाईंनी दाखवले की तो पोकळीत नसून दाण्यांमध्येच, मध्यापासून चार नॅनोमीटरवर रुतलेला असतो.

१९५६ मध्ये कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, तरी त्या कामावर येत राहिल्या. पोलिओच्या विषाणूलाही त्यांनी हात घातला. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्या गेल्या. मृत्युपत्रात काही रक्कम आणि आपली मोटार त्यांनी क्लग यांच्या नावे ठेवली होती. क्लग यांना १९८२ साली नोबेल मिळाले.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचे जागतिक प्रदर्शन उघडले. तिथल्या विज्ञान दालनात त्यांच्या विषाणूची प्रतिकृती मांडलेली होती.