नेमबाज महाराज डॉ. करणी सिंह

आपल्यापैकी अनेकांनी एनसीसीच्या शिबिरात पालथे पडून .22 रायफल चालवली आहे. श्वास रोखायचा, हात हलू द्यायचा नाही आणि समोरच्या कागदावर नेम धरायचा, एवढीच नेमबाजी आपल्याला ठाऊक. बिकानेरचे महाराज डॉ. करणी सिंह यांचा 'ट्रॅप' हा प्रकार अगदी उलटा. त्यात लक्ष्य पळते आणि नेमबाजालाही बंदुकीसह त्याच्यामागे वळावे लागते.

नेमबाजाच्या पुढे 15 मीटरवर खंदक असतो. त्याने हाक दिली की तिथल्या यंत्रातून चुनखडी आणि डांबर यांची, तळहाताएवढी तबकडी उडते. डावीकडे जाईल की उजवीकडे, हे आधी कळत नाही. हाती 12 बोअरची दुनळी बंदूक. नेम तबकडीवर धरला तर छर्रे मागे राहतात. तिच्या किंचित पुढे मारावे लागते. पहिला बार हुकला तर दुसरी नळी असते, पण तोवर तबकडी आणखी लांब गेलेली असते. चरफडायला सवड नाही. मात्र दुसऱ्या बाराने फुटलेल्या तबकडीलाही पूर्ण गुण मिळतो.

करणी सिंह यांचा जन्म 1924 चा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते शिकले. 1950 साली वडिलांच्या मागे गादीवर आले, तेव्हा संस्थान विलीन झाले होते. 1952 पासून 1977 पर्यंत ते बिकानेरमधून अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून येत राहिले. 1961 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक. 1964 साली ते टोकियो ऑलिंपिकला गेले आणि त्याच वर्षी, वयाच्या चाळिशीत, मुंबई विद्यापीठाचे पीएच.डी. झाले. विषय होता बिकानेर घराण्याचे केंद्रसत्तेशी संबंध.

1971 साली संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले. त्याच वर्षी सोलच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. किताब गेला, पण तबकडीला किताब कुठे कळतो!

ऑलिंपिक पदक मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. 1960 च्या रोमपासून 1980 च्या मॉस्कोपर्यंत ते पाच वेळा उतरले. शेवटच्या वेळी वय होते 56. कन्या राज्यश्री कुमारी याही नेमबाज झाल्या. त्यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

1988 साली करणी सिंह गेले. 2004 साली अथेन्समध्ये राजस्थानच्याच राज्यवर्धनसिंह राठोड यांनी दुनळी बंदुकीने तबकड्या फोडून ऑलिंपिकचे रौप्यपदक आणले. दिल्लीतील तुघलकाबादच्या शूटिंग रेंजला आज डॉ. करणी सिंह यांचे नाव आहे. आपली नातवंडे एखाद्या स्पर्धेतून रिकाम्या हाताने परतली, तर त्यांना या पाच ऑलिंपिकवाल्या महाराजांची गोष्ट जरूर सांगा.