गादी मिळाली, अभ्यास सुटला नाही

मुलांना वळण कसे लावावे, हा प्रश्न आज प्रत्येक घरात आहे. पाहुणे आले तरी मोबाइलवरून मान वर होत नाही, सकाळी उठवता उठवता आईचा घसा बसतो, अशा तक्रारी आपण रोज ऐकतो. आम्हा बडोदेकरांना याचा विचार करण्यासाठी दूर जायला नको. आपले विद्यापीठ आणि सयाजीबाग ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे चरित्र पाहिले, तरी पुष्कळ काही कळते.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव आणि वडील काशीराव. घरचा व्यवसाय शेतीचा. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांना दत्तक घेतले. या बारा वर्षांच्या मुलाला तोवर लिहिता-वाचता येत नव्हते.

इथेच खरी गोष्ट सुरू होते. गादी मिळाली म्हणून अभ्यासातून सूट मिळाली नाही. एलियट साहेब शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा शिकायच्या, शिवाय व्यायाम, कुस्ती आणि घोडेस्वारी. सोबत भावंडेही शिकायला होती. दिवस वेळापत्रकाने बांधलेला असे. १८८१ साली दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांच्या हाती संपूर्ण अधिकार आले. सहा वर्षांत खेड्यातला मुलगा राज्य चालवण्यास तयार झाला आणि वाचनाची लागलेली सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही.

आपल्याला मिळाले ते रयतेच्या मुलांना मिळावे, ही त्यांची तळमळ होती. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तो संपूर्ण राज्यात लागू झाला. मूल शाळेत न पाठवल्यास दंड मुलाला नव्हे, पालकाला होत असे. मुलाची पहिली जबाबदारी कोणाची, हे त्या कायद्याने स्पष्ट केले.

परंतु राज्याला शिस्त लावणाऱ्या या राजाला घरात मात्र फार सोसावे लागले. त्यांच्या चार पुत्रांपैकी तिघे त्यांच्या हयातीतच गेले: १९०८ साली फत्तेसिंहराव, १९१९ साली शिवाजीराव आणि १९२३ साली जयसिंहराव. शिक्षणात काही कमी नव्हते. कोणी ऑक्सफर्डला शिकले, कोणी हार्वर्डला. तरीही राजपुत्रांच्या आयुष्यात दारू शिरली, हे दुःख महाराजांच्या चरित्रांत लपवलेले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा गादीवर नातू प्रतापसिंहराव बसले.

याचा दोष कोणाला देण्याचा अधिकार आम्हाला नाही. राज्याचा भार, प्रकृतीसाठी वारंवार करावे लागणारे परदेशप्रवास आणि दूरदेशी शिकणारी मुले, यांत कोणत्याही बापाची ओढाताण होईल. पण आम्हाला एवढे जाणवते की, गोपाळरावांचे शिक्षण राजवाड्यातच, जमनाबाईसाहेबांच्या डोळ्यांसमोर झाले. पुढच्या पिढीला नामांकित संस्था मिळाल्या, मात्र घर लांब राहिले.

आपण राजे नाही, पण हीच चूक आपल्याही दारात उभी आहे. आम्ही नोकरदार माणसे चांगली शाळा, महागडी ट्यूशन आणि शिबिर यांची फी भरतो आणि वळणाचे काम झाले असे समजतो. वळण मात्र घरातच लागते. ठरल्या वेळी उठणे, जेवल्यावर आपले ताट आपण उचलणे, वडीलधाऱ्यांना नमस्कार करणे, चूक झाल्यास माफी मागणे, या गोष्टी मूल सांगून शिकत नाही, पाहून शिकते. आपणच जेवताना मोबाइल बाजूला ठेवला नाही, तर त्याला काय सांगणार?

यंदा गणरायासमोर प्रत्येक घराने एक संकल्प करावा. रोज रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र, मोबाइलशिवाय करावे. सुरुवात आई-वडिलांनी करावी. मुले आपोआप मागे येतील.

गणपती बाप्पा मोरया!