पाच डॉलरची गोधडी

चुडाव्याहून पूर्णेला नाहीतर नांदेडला कॉलेजला जाता ना? मग तुमच्या घरात एक तरी गोधडी असणारच. आजीचं लुगडं, बाबांचा जुना शर्ट, जे हाती लागलं ते जोडून शिवलेली. ती शिवणारीला आपण आर्टिस्ट म्हणत नाही. हॅरिएट पॉवर्सलाही तिच्या हयातीत असं म्हणणारे थोडेच भेटले.

हॅरिएट १८३७ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जन्मली. मुलूख आपल्यासारखाच, कापसाचा. पण ती जन्मली गुलाम म्हणून. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ती लेकुरवाळी होती. पुढे तिने आणि नवऱ्याने, आर्मस्टेडने, अथेन्स शहराजवळ ४ एकर रान केलं.

आर्ट स्कूलची पायरी न चढलेल्या या बाईने गोधडीवर गोष्टी मांडल्या. कापडातून माणसं, जनावरं, चांदण्या कापायच्या आणि खालच्या कापडावर शिवायच्या. ११ चौकटींत आदम-हव्वा, याकोबाचं स्वप्न, येशूचं शेवटचं भोजन. तीस नाण्यांसाठी गुरूला विकणारा यहूदासुद्धा.

१८८६ मध्ये अथेन्सच्या कापूस मेळाव्यात ही गोधडी जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटने साफ नाही म्हटलं, कितीही पैसे दिले तरी नाही. पण चारेक वर्षांत घरची ओढाताण वाढली. मग तीच बैलगाडीतून गोधडी घेऊन जेनीच्या दारात आली. आधी पिठाच्या स्वच्छ पिशवीत, वरून गोणपाटात गुंडाळलेली. मागितले १० डॉलर, जेनीकडे होते ५. हॅरिएटने नवऱ्याला विचारलं आणि दिली.

देताना मात्र तिने एकेका चौकटीचा अर्थ समजावून सांगितला. जेनीने तो लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला कळतो. नंतर हॅरिएट गोधडी बघायला पुन्हापुन्हा येत राहिली. विकलेल्या बैलाला भेटायला कुणी जातं का हो? ही जायची.

तिची दुसरी गोधडी १५ चौकटींची. त्यात बायबलसोबत आभाळही आहे. १८३३ चा उल्कावर्षाव तिच्या जन्माआधीचा, म्हणजे थोरांकडून ऐकलेला. आणि एक डुकरीण, जी जॉर्जियातून पळाली आणि ५०० मैलांवर व्हर्जिनियात पोचली. गुलामीत वाढलेल्या बाईने पळून जाणारं जनावर संतांच्या शेजारी का बसवलं असेल, हे तुमचं तुम्हीच ताडा.

हॅरिएट १९१० मध्ये गेली. पहिली गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे, दुसरी बोस्टनच्या कला संग्रहालयात. वर्षानुवर्षं अभ्यासक तिला निरक्षर समजत होते. गुलाम बाई, तिला कुठून येणार वाचायला? मग तिच्या १८९६ च्या एका पत्राची नक्कल सापडली. तिला वाचता येत होतं. आणि तिने गोधड्या निदान चार केल्या होत्या. बाकीच्या दोन अजून मिळालेल्या नाहीत.