चुलीचे माप घेणारा काउंट रम्फर्ड

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हुडकेश्वरला आमच्याकडे गॅस आहे. पण सिलिंडर पुरावे म्हणून आंघोळीचे पाणी अजून अंगणातल्या चुलीवरच तापते. हिवाळ्यात पहाटे माय चुलीत पऱ्हाट्या सारते, फुंकणी फुंकते आणि खोकते. ग्रंथालयात एक जुने पुस्तक चाळताना चुलीवर निबंध लिहिणारा शास्त्रज्ञ भेटला, तेव्हा तो खोकला आठवला. म्हणून मी कला शाखेचा असूनही हा लेख लिहीत आहे.

बेंजामिन थॉम्प्सनचा जन्म १७५३ मध्ये अमेरिकेतील वोबर्न येथे शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील लहानपणीच वारले. दुकानात उमेदवारी, मग शाळामास्तरकी, असे दिवस काढून एकोणिसाव्या वर्षी त्याने एका श्रीमंत विधवेशी लग्न केले. अमेरिकेत स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने गेला, त्यांच्यासाठी हेरगिरीही केली. १७७६ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून त्याने लंडन गाठले. बायकोची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही.

पुढे बव्हेरियाच्या शासकाकडे तो मोठ्या हुद्द्यावर चढला. म्युनिक शहरातील भिकाऱ्यांना १७९० च्या नववर्षदिनी गोळा करून त्याने कामाला लावले, स्वस्त व पोटभर सूप देण्याची व्यवस्था केली. कमी लाकडात अधिक अन्न कसे शिजेल, याचा विचार त्याला तिथेच जडला. १७९२ मध्ये तो काउंट रम्फर्ड झाला. तोफेच्या नळीला भोक पाडताना पाण्यात बुडवलेले पितळ इतके तापले, की अडीच तासांत आगीवाचून पाणी उकळले. उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, हा त्याचा निष्कर्ष १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो १७९६ चा शेकोटीवरील निबंध. त्या काळी विलायती घरांतल्या शेकोट्या अवाढव्य असत. धुराड्याचा गळा एवढा रुंद, की धुराबरोबर खोलीतली ऊबही वर निघून जाई आणि वाऱ्याच्या झोताने धूर खाली परते. रम्फर्डने ओळंबा, खडू आणि फूटपट्टी घेतली. गळा चार इंचांवर आणला. शेकोटीची खोली कमी केली. मागची भिंत समोरच्या तोंडाच्या सुमारे एक तृतीयांश ठेवली आणि बाजूच्या भिंती तिरप्या केल्या, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल. लंडनमध्ये शेकडो शेकोट्या अशा बदलल्या गेल्या. आज थंड देशांत जुन्या शेकोटीत गॅसवर पेटणारे नकली ओंडके बसवतात. तेव्हाही समोरची रुंदी, मागची रुंदी, खोली आणि उंची अशी चारही मापे घ्यावी लागतात. समोरच्याच मापाने आणलेला ओंडका मागे अडकतो.

आपल्याकडे हाच विचार वर्ध्याच्या मगनवाडीत झाला. धूर नळीने बाहेर नेणारी मगन चूल तिथली.

१७९९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना करण्यात रम्फर्ड पुढे होता. नंतर त्याने लाव्हाझिए या शास्त्रज्ञाच्या विधवेशी लग्न केले, तेही मोडले. १८१४ मध्ये पॅरिसजवळ त्याचा अंत झाला. ज्याने परक्यांची घरे उबदार केली, त्याला स्वतःचे घर राखता आले नाही. त्याच्या हुशारीचे मला कौतुक आहे, पण हेही लपवावेसे वाटत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी टेप घेऊन आमच्या चुलीशी बसलो. चुलीचे तोंड गंजाच्या बुडापेक्षा तीन इंच मोठे निघाले. जाळ बाजूने वाया जात होता. मायला सांगितले, तर तिने बोटांनी मापून आधीच ताडले होते. आमची जुनी चूल फुटक्या गंजासाठी घातलेली होती, नवा गंज आला आणि चूल तशीच राहिली, एवढेच. आम्ही दोघांनी मिळून माती कालवली आणि तोंड लहान केले. धूर पुरता गेलेला नाही. पण लाकूड कमी लागते.

शिकलेल्या मुलाने घरी काय आणावे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्या दिवशी मी फक्त टेप आणला होता. माप मात्र मायच्या बोटांत होते, आणि ते विचारायला मला कॉलेजात जाऊन परत चुलीपाशी यावे लागले.